छत्तीस भागांची दुरुस्ती

२ नोव्हेंबर. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. दुकानात ही वही दिसली, शिलाई पक्की होती म्हणून घेतली. लिहायला कारणही आहे. मुलगी ३० तारखेला येणार आहे. मला कुणी सांगितलेलं नाही. बायको तिच्याशी फोनवर बोलत होती, ते कानावर पडलं. मी ऐकत नव्हतो. पाणी प्यायला गेलो होतो. तीन वेळा.

आठ महिन्यांनी येतेय. राहायला नाही, तिची पुस्तकं न्यायला. पुस्तकं म्हणजे तिच्या खोलीतली जपानी चित्रमालिका. मांगा म्हणतात त्याला. इंग्रजी भाषांतर, छत्तीस भाग, शाळेत असल्यापासून एकेक करून जमवलेले. मी त्या फळीकडे कधी ढुंकूनही पाहिलं नाही. चित्रांची पुस्तकं वाचायचं माझं वय सातव्या वर्षी संपलं.

प्लॅन : रोज दोन भाग. अठरा दिवसांत खलास. उरलेले दहा दिवस चिंतन. ३० तारखेला ती दारात उभी राहील, तेव्हा मी सहज म्हणेन, सतराव्या भागात जरा पकड सुटलीये, नाही का? ती चाट पडेल. मग बसेल. मग बोलेल. बॅग राहील बाजूला.

माफीबिफीचा प्रश्नच नाही. मी एवढंच म्हणालो होतो की देवाने हात दिलेत ते काम करायला, बाहुल्या काढायला नाहीत. आमच्याच ग्रंथालयात तिला नोंदणी विभागात चिकटवून दिलं होतं. दोन वर्षांत कायम झाली असती. ते सोडून कार्टूनच्या स्टुडिओत गेली, तेही तात्पुरती. त्या दिवशी मी आणखी काही बोललो असेन. रागात माणूस बोलतो, ते कुणी धरून बसत नाही.

३ नोव्हेंबर. संध्याकाळी

भाग पहिला. अकरा पानं झाली. टार्गेटपेक्षा किंचित कमी, पण पाया पक्का होतोय.

उघडल्या उघडल्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत 'थांबा!' असं छापलंय, खाली बाण आणि चौकोनांची कसली तरी आकृती. जाहिरात असणार. असली पानं आम्ही बाइंडिंगला घेताना काढूनच टाकतो. एकतीस वर्षं ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काढली आहेत, पुस्तकात पुस्तक कुठलं आणि कचरा कुठला हे मला कुणी शिकवायला नको.

चष्म्याचा नंबर बदललाय बहुतेक. नाहीतर वीस पानं सहज झाली असती.

५ नोव्हेंबर. दुपारी, डबा खाल्ल्यावर

पहिला भाग पूर्ण! आता लेखकाची नस सापडली. धाडसी माणूस आहे. माणसं आधी उत्तर देतात आणि मग प्रश्न विचारतात. आमच्या घरात हेच चालतं, त्यामुळे मला जड गेलं नाही.

गोष्ट अशी. एक काटेरी केसांचा मुलगा डोंगरापलीकडच्या गावात आहे. तिथून तो निघतो. नदी ओलांडतो, पूल ओलांडतो, आणि बापाच्या घरी येतो. गंमत म्हणजे हा सगळा रस्ता तो पाठ पुढे करून चालतो. उलटा. लाजेने असणार. बापाला तोंड दाखवायची हिंमत नाही. दारात बाप उभा आहे, हात वर करून. मग घरात दोघांचं कडाक्याचं भांडण होतं, आणि सगळ्यात शेवटी दोघं शांतपणे समोरासमोर जेवतात. शेवटचं चित्र : मुलगा हसतोय, बाप त्याला वाढतोय.

डोळ्यांत पाणी आलं. धूळ होती. बांधणी विभागात धूळ असतेच.

म्हणजे हे तिला आवडतं ते ह्यासाठी! पोरगी वरून कितीही ताठ असली तरी आतून परत यायच्या वाटेवर आहे. मी लगेच तिला मेसेज केला : भाग एक वाचला. मुलगा लाजत का होईना घरी येतो, हे फार आवडलं. भांडण होऊनही शेवट गोड. विचार कर.

तिने पाहिला. उत्तर नाही. विचार करत असणार.

८ नोव्हेंबर

दुसरा भाग चालू. सहा पानं. परवा आणि काल सुट्टी घेतली, कारण सलग वाचलं तर चव जाते.

संध्याकाळी बायको फोनवर रडत होती. म्हणत होती, तो गेला तेव्हा मला जेवणच गेलं नाही गं, इतका चांगला होता. फोन ठेवल्यावर विचारलं, कोण गेलं? म्हणाली, तुम्ही ओळखत नाही. म्हटलं, नात्यातला आहे का? म्हणाली, नाही, पण आता नात्यातल्यासारखाच होता. भेटायला जायला हवं का विचारलं तर माझ्याकडे बघत राहिली.

हिच्या ओळखी वाढत चालल्यात. घरात कोण मेलं हे घरच्या माणसाला कळू नये म्हणजे कमाल झाली.

९ नोव्हेंबर. सकाळी

महत्त्वाचा शोध!! दुसऱ्या भागात एका पानाच्या तळाशी पृष्ठक्रमांक दिसला. १८४. चार पानांनंतर १८०. मग १७२. पहिला भाग काढून पाहिला, तिथेही तेच. तिसरा, नववा, विसावा, छत्तिसावा. सगळे.

बांधणी चुकली आहे. पानं उलट्या क्रमाने लावलीत आणि कणा चुकीच्या बाजूला चिकटवलाय. एका भागात चुकलं तर समजू शकतो, लागोपाठ छत्तीस भाग! आणि हे तिला इतक्या वर्षांत कळलं नाही. बांधणीवाल्याची मुलगी! दिव्याखाली बसून उलटं पुस्तक वाचत राहिली आणि म्हणे कलाकार.

१० नोव्हेंबर

प्रकाशकाला तीन पानी पत्र पाठवलं. विषय : आपल्या छत्तीस भागांतील अक्षम्य बांधणीदोषाबाबत. खाली हुद्दा लिहिला आणि विभागाचा शिक्का मारला. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, शिक्का खासगी कामाला वापरू नका. म्हटलं, मॅडम, हे खासगी नाही, हा व्यवसायाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. त्यांनी शिक्का उचलून कपाटात ठेवला. त्यांना पुस्तकातली फक्त परत यायची तारीख कळते.

११ नोव्हेंबर

बायको तिच्या बहिणीकडे गेली. बहिणीचं ऑपरेशन आहे. २४ला येईल. जाताना म्हणाली, पोरीच्या खोलीत फार ढवळाढवळ करू नका. मी म्हटलं, मी फक्त वाचतोय. म्हणाली, वाचा की, बरंच आहे ते. काही अडलं तर विचारा. हिला काय विचारायचं? ही वाचते किराणा मालाची पिशवी.

१२ नोव्हेंबर. पहाटे

झोप लागत नव्हती, आणि एकदम सुचलं. नुसतं वाचून काय होणार? वाचतो कुणीही. मी तिला सगळा संच दुरुस्त करून देणार. पानं सरळ क्रमाने, कणा डावीकडे, तीन-तीन भागांचा एक असे बारा खंड. कापडी पुठ्ठा, पाठीवर सोनेरी अक्षरं, आणि प्रत्येक खंडावर तिचं नाव. माझ्याकडून तिला हेच देता येईल. दुसरं मला काही येत नाही, हे खरं आहे.

हे लिहिताना जरा भरून आलं. पण चांगल्या अर्थाने.

१४ नोव्हेंबर

रोज सहा भाग पिशवीतून नेतोय. कामाची वेळ संपल्यावर एक तास. पहिले सहा कटिंग मशीनखाली घातले. कणा कापला की पानं सुटी होतात, मग ती क्रमाने लावायची आणि दुसऱ्या कडेला शिवण आणि खळ. माझा हात अजून हलत नाही. कुणी बघायला हवं होतं.

बघायला फक्त खळवाला होता. तो खळ शिजवतो, पुठ्ठे चिकटवतो, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, पुढच्या मार्चमध्ये निवृत्त. त्याने न कापलेला एक भाग हातात घेतला आणि कडेवरून अंगठा फिरवत पानं भरभर सोडली. प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात मुलीने पेन्सिलने काहीतरी खरडलंय, नखाएवढी एक मुलगी. पानागणिक तीच. जागा दिसली की खरडायचं, जुनी सवय. खळवाला म्हणाला, साहेब, ही पोरगी पळतेय बघा. म्हटलं, पळू दे, तू खळ बघ, गुठळ्या होतायत. त्याने पुन्हा अंगठा फिरवला. म्हणाला, आता झाडावर चढली.

मी पुस्तक काढून घेतलं. ह्या लोकांना काम सोडून सगळं दिसतं.

१७ नोव्हेंबर

बारा भाग झाले, चार खंड तयार. खळवाला दोन दिवस बोलत नाहीये. आज म्हणाला, साहेब, ताईंना एकदा विचारायचं होतं. मी म्हटलं, सरप्राइज विचारून देतात का? त्यावर तो खळ ढवळायला लागला. पटलं असणार.

नवा पहिला खंड चाळून पाहिला. आता पानं बरोबर क्रमाने येतात, पण गोष्ट बदलली! आधी बाप मुलाला वाढतो, मग भांडण होतं, मग मुलगा पाठ फिरवून घराबाहेर पडतो, पूल ओलांडतो, नदी ओलांडतो, निघून जातो. बाप दारात हात वर करून उभा. थांब म्हणत असावा.

आधीचीच गोष्ट बरी होती. तिला आता काय पाठवू? तो मेसेज पुसता येत नाही.

२१ नोव्हेंबर. संध्याकाळी ६

काम फत्ते. बारा खंड! शेवटची छाटणी आज केली, वरून, खालून आणि पुढून. कडा आरशासारख्या. कोपऱ्यातली पेन्सिलची खरड काही नव्या कण्याच्या शिवणीत गेली, उरलेली खालच्या छाटणीत निघाली. पानं एकदम स्वच्छ. कातरण पोत्यात भरलं. उद्या शनिवार, रद्दीची गाडी येते.

एक बारीक दोष राहिला. मधे मधे दोन पानांवर पसरलेली मोठी चित्रं आहेत. त्यांचे अर्धे भाग आता उलट्या बाजूंना गेले. चेहऱ्याचा उजवा अर्धा डाव्या कडेला, डावा अर्धा उजव्या कडेला, मधे दोघांची पाठ. सुरुवातीला विचित्र वाटतं, मग सवय होते.

वाचनाचं म्हणाल तर बांधताना एकूण एक पान माझ्या हातातून गेलं. म्हणजे वाचल्यातच जमा. ३० तारखेच्या नऊ दिवस आधी टार्गेट पूर्ण. स्वतःची पाठ थोपटून घ्यायला हरकत नाही, दुसरं कोण थोपटणार?

२४ नोव्हेंबर. दुपारी

बायको आली. बारा खंड जेवणाच्या टेबलावर मांडून ठेवले होते, नाव दिसेल असे. तिने पिशवी खाली ठेवली नाही. तशीच उभी. मग पहिला खंड उघडला, चार-पाच पानं उलटली आणि बसली.

म्हणाली, हे उजवीकडून वाचतात.

मी म्हटलं, काय उजवीकडून? म्हणाली, जपानी पुस्तकं. कणा उजवीकडे असतो, पानं उजवीकडून उलटायची, चौकोनही उजवीकडून डावीकडे वाचायचे. पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने सुरुवात करताय म्हणून. ते वाचलं नाहीत?

मी विचारलं, तुला हे कसं माहीत? तर म्हणाली, मी सगळे छत्तीस वाचले. पोरगी गेल्यापासून दुपारी जमेल तसा एकेक वाचायचे आणि संध्याकाळी तिला फोन करायचे. पहिले दोन महिने ती माझ्याशीही धड बोलत नव्हती. मग एकदा विचारलं, तो नावाडी म्हातारा शेवटी मरतो का गं? तेव्हापासून बोलते.

म्हणजे त्या दिवशी गेला तो नावाडी होता.

घरात एक माणूस छत्तीस भाग वाचतो आणि नवऱ्याला पत्ता लागू देत नाही. ह्याला काय म्हणायचं? फळीसमोरून मी रोज जात होतो. एक शब्द बोलली असती तर ही वेळ आली नसती. पण नाही. माझ्याशी बोलायचं म्हणजे ह्यांच्या जिवावर येतं.

मग तिने खालच्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. एकदा, मग दुसरा खंड घेऊन पुन्हा. विचारलं, ती मुलगी कुठंय? मी छाटणीचं सांगितलं. ती आत गेली आणि दार लावून घेतलं.

२५ नोव्हेंबर. सकाळी ९.३०

ऑफिस उघडायच्या आधी जाऊन पोती पाहिली. रिकामी. गाडी शनिवारी वेळेवर आली म्हणे. एरवी तीन-तीन आठवडे येत नाही.

खळवाल्याला विचारलं, थोडं कातरण बाजूला ठेवलंयस का? म्हणाला, तुम्ही कुठे सांगितलंत? खरंय. पण सांगायला कशाला हवं होतं? त्याला तर सगळं दिसत होतं.

२६ नोव्हेंबर

बायको म्हणते, पोरगी यायच्या आत तिला स्वतः फोन करून सांगा. कोपऱ्यातल्या त्या चित्रांना सहा वर्षं लागली होती तिला. छत्तीस भागांत मिळून एकच मुलगी, पहिल्या भागात पाळण्यातून उतरते आणि शेवटच्या भागात मोठी होऊन चालत जाते. स्टुडिओत सोमवारी, एक तारखेला, ती पुस्तकं दाखवायची होती. ते पाहून कायम करणार होते.

हे मला आधी कुणी सांगितलं? कुणीही नाही.

उद्या सकाळी फोन करतो. सकाळी डोकं शांत असतं.

२७ नोव्हेंबर

फोन केला नाही. ती कामात असणार. शिवाय असल्या गोष्टी फोनवर नीट सांगता येत नाहीत. प्रत्यक्ष खंड हातात घेतला, कापडावरून बोट फिरवलं, आपलं नाव पाहिलं की माणसाचं मत बदलतं. हा माझा अनुभव आहे. संचालकांची जुनी डायरी बांधून दिली होती तेव्हा ते काहीच बोलू शकले नव्हते.

२९ नोव्हेंबर

फोन हातात घेतला होता. बॅटरी कमी होती.

बायकोने बहुतेक काही सांगितलेलं नाही. म्हणाली, मी नाही सांगणार, हे तुमचं आहे. बघू. उद्या मी आधी खंड दाखवणार, मग समजावणार. मुद्दे काढून ठेवलेत. एक, हेतू. दोन, टिकाऊपणा : शंभर वर्षं पान सुटणार नाही. तीन, तिचं नाव.

३० नोव्हेंबर. दुपारी १२.४०

आली. अकरा वाजता. बारीक झालीये. केस कापलेत. हातात मोठी रिकामी बॅग, चाकांची.

मी दार उघडलं. ती म्हणाली, आई आहे ना? मी म्हटलं, आहे, ये, आधी हे बघ. टेबलाकडे नेलं. मुद्दा एक सुरू केला.

तिने पहिला खंड उचलला. नावाकडे पाहिलं. मला क्षणभर वाटलं, जमलं. मग तिने तो उलटा करून उजवीकडून उघडला, आणि तिथे शेवटचं पान निघालं. मग डावीकडून उघडला. मग अंगठा लावला कोपऱ्याला.

मी मुद्दा दोनवर होतो. ती म्हणाली, सगळे कापलेत? मी म्हटलं, कापले नाहीत, छाटले. म्हणाली, सगळे? मी म्हटलं, हो, अर्धवट काम मी करत नाही.

ओरडली असती तर मला बोलता आलं असतं. मी तयारी त्याची केली होती. ती ओरडली नाही. खंड जिथे होता तिथे, रांगेत, नीट ठेवला. आईने पाणी दिलं ते अर्धं प्याली. आई म्हणाली, जेवून जा. म्हणाली, नको, उद्यासाठी काहीतरी नवीन काढायला हवं, एक दिवस आहे. मग आईला म्हणाली, आता तूच येत जा माझ्याकडे, इथलं काही न्यायचं राहिलं नाही.

रिकामी बॅग घेऊन जिना उतरली. चाकांचा आवाज प्रत्येक पायरीवर येत होता. मी वरून म्हटलं, उचलून देऊ का? चार मजले. ऐकू आलं नसावं.

३० नोव्हेंबर. संध्याकाळी

बायको बोलली. जेवढी आठ महिन्यांत बोलली नव्हती तेवढी. म्हणाली, तुम्हाला वाटतं ती नोकरीवरून गेली? नोकरीवरून कोण घर सोडतं? तुम्ही तिला म्हणालात, कायमची नोकरी लागेपर्यंत मला बाबा म्हणू नकोस. दारात उभं राहून म्हणालात. ती ते धरून बसली होती. उद्या काम कायम झालं असतं तर संध्याकाळी ती पहिला फोन तुम्हाला करणार होती. मला तसं सांगितलं होतं तिने.

मला ते वाक्य आठवत नव्हतं. आता आठवतंय. हात वर करून म्हणालो होतो.

२ डिसेंबर

काल तिची मुलाखत झाली. एका दिवसात काढलेली सहा पानं दाखवली. बघू म्हणालेत. सहा महिने पुन्हा तात्पुरती. हे बायकोने मला नाही, शेजारणीला सांगितलं, मी जिन्यात होतो.

प्रकाशकाचं उत्तर आलं. अत्यंत नम्र. आमच्या पुस्तकांत दोष नसून, वगैरे. सोबत वाचायची दिशा दाखवणारं एक रंगीत कार्ड.

३ डिसेंबर. संध्याकाळी

सकाळी ठरवलं, परत मूळ स्थितीत आणायचं. पहिला खंड सोडवला, नवी शिवण कापून टाकली, पानं उजवीकडून लावली. पण प्रत्येक कापणीत चार-पाच मिलिमीटर जातात, हे मी नव्या माणसाला पहिल्या दिवशी शिकवतो. आता कडेला समासच उरलेला नाही. फुग्यातली अक्षरं अर्धी कापली गेली. मुलगा बापाला काय म्हणतो तेच जातंय.

खळवाला म्हणाला, राहू द्या साहेब. खळ मात्र त्याने न सांगता आणून दिली.

मी त्यातला पहिला भाग आहे तसाच वाचला. उजवीकडून. जागेवर बसून, सलग, सगळा. पहिल्यांदाच एक अख्खा भाग वाचून झाला. मला तिची फार आठवण येते.

४ डिसेंबर. सकाळी ८.२०

तिला मेसेज केला. चार वेळा लिहिला, तीन वेळा खोडला. शेवटी एवढंच : चूक माझी आहे. छत्तीस भाग नवे आणून देतो, आधी स्वतः वाचेन, कोपऱ्यांना हात लावणार नाही. आणून देऊ का?

मुद्देबिद्दे काही घातले नाहीत. माझ्या फोनवरून पाठवला, माझ्या नावाने.

दहा मिनिटांत उत्तर आलं. स्वयंपाकघरात बायकोचा फोन वाजला. तिने वाचलं, हात पुसले आणि फोन माझ्यापुढे धरला. लिहिलं होतं : त्यांना सांग, नको.